दोनदा होणारा न्याय

फ्रान्समधल्या ब्यून गावात एक जुनं रुग्णालय आहे. आज ते संग्रहालय झालं आहे. १४४३ साली बरगंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी ते गोरगरिबांसाठी स्थापन केलं. लढाया आणि उपासमारीनं तो मुलूख तेव्हा पार पिळून निघाला होता. रुग्णांचं मुख्य दालन लांबच लांब, दोन्ही भिंतींना लागून पडदे लावलेल्या खाटा आणि टोकाला वेदी. ज्याच्यात उठून बसायचं त्राण नाही त्यालाही पडल्यापडल्या मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, दिसावी, अशी सोय. त्या वेदीवर रोखिर व्हान डर वेडन या फ्लेमिश चित्रकारानं रंगवलेला अंतिम न्यायाचा मोठा चित्रसंच होता. एरवी त्याच्या फळ्या मिटलेल्या असत, रविवारी आणि सणासुदीला त्या उघडत.

उघडल्यावर वर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त दिसे. त्याच्या एका बाजूला लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला तलवार. खाली देवदूत मिखाएल, पांढऱ्या झग्यावर लाल भरजरी वस्त्र आणि हातात तराजू. पारड्यांत इवलीशी उघडीनागडी माणसं, एक पुण्याचं आणि एक पापाचं, आणि पापाचं पारडं खाली गेलेलं. जमीन फाटून मेलेले बाहेर येताहेत. पाहणाऱ्याच्या डावीकडे सोनेरी दरवाजा, उजवीकडे अंधार आणि जाळ. त्या काळच्या अशा चित्रांत शिंगं-शेपट्यावाल्या सैतानांची झुंबड असायची. इथे एकही सैतान नाही. जाळाकडे जाणाऱ्यांना कोणी हाकलत नाही, काट्याकोयत्यांनी टोचत नाही. माणसं एकमेकांना ओढत, किंचाळत, आपली आपणच तिकडे निघाली आहेत.

मरायला टेकलेल्या माणसापुढे असलं चित्र टांगणं आज निष्ठुरपणाचं वाटेल. पण ते कोणाला उद्देशून होतं, हे आधी पाहायला हवं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचं वर्णन करतो. मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी राजा सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांची वाटणी करतो आणि सहा गोष्टींची विचारणा होते: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगात असलेल्याची भेट. बस, एवढंच. देवळात किती वेळा आलास, प्रार्थना पाठ होत्या का, हे कोणी विचारत नाही. आणि राजा म्हणतो की तो भुकेला मी होतो, तो आजारी मी होतो. ऐकून दोन्ही गट सारखेच चक्रावतात. ज्यांनी केलं त्यांना आठवत नाही आणि ज्यांनी केलं नाही त्यांनाही आठवत नाही.

आता ब्यूनच्या दालनात परत पाहा. आजारी, परका, उघडा, भुकेला तिथे खाटेवर पडलेला आहे. मत्तयच्या हिशेबानं न्यायाधीश स्वतःच त्या खाटेवर आहे. तराजूत बसायचं आहे ते औषधपाणी करणाऱ्या जोगिणींना, भेटीला येणाऱ्या शहाजोग पाहुण्यांना आणि सगळ्यांत आधी रोलँला, ज्याच्या संपत्तीबद्दल लोक बरंवाईट बोलत. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याबद्दल एक किस्सा सांगतात. तो म्हणाला म्हणे, की इतक्यांना गरीब करणाऱ्यानं त्यांच्यासाठी घर बांधावं हे योग्यच झालं. किस्सा खरा असो-नसो, मोठ्या देणगीदारांच्या नावाच्या पाट्या वाचताना तो मला हटकून आठवतो.

मराठी वाचकाच्या मनात न्यायाचा विषय निघाला की चित्रगुप्ताची वही उघडते. ती उपमा काही अंतरापर्यंत उपयोगी आहे, म्हणून ती कुठे सुटते हे सांगून ठेवतो. बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या २०व्या अध्यायात मोठं पांढरं राजासन आहे, समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो, मृत्यू आणि अधोलोक आपापल्यातले देतात, आणि मग पुस्तकं उघडली जातात. एका बाजूला अनेक पुस्तकं, त्यांत प्रत्येकाची कृत्यं. दुसऱ्या बाजूला वेगळं एक पुस्तक, जीवनाचं. त्यात नुसती नावं आहेत, कृत्यांचा उल्लेख नाही. न्याय कृत्यांवरून होतो असंही तो अध्याय म्हणतो आणि शेवटी नाव आहे की नाही हे पाहिलं जातं असंही म्हणतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रातली कर्म आणि कृपा यांची सगळी भांडणं या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत झालेली आहेत. शिवाय इथे फेरा नाही. आयुष्य एकदाच, त्याचा न्यायही त्याच माणसाचा, आणि तो माणूस पुन्हा देहासकट उठलेला.

ही कल्पना पहिल्यापासून होती असं समजू नये. जुन्या करारातल्या बहुतेक जुन्या भागांत मेलेला माणूस अधोलोकात जातो, राजा असो की गुलाम, सगळे एकाच धुळकट शांततेत. देवाचं बक्षीस या जन्मातच मिळायचं: दीर्घायुष्य, मुलंबाळं, जमीन, भरलेलं कोठार. हा हिशेब इ.स.पू. दुसऱ्या शतकात मोडला. सीरियाचा ग्रीक राजा चौथा अंतिओख यानं यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि जे धर्म सोडीनात त्यांना मारलं. धर्म पाळला म्हणूनच माणूस मेला, तर त्याचं बक्षीस कुठे जमा झालं? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची गोष्ट आहे. आईच्या डोळ्यांदेखत एकेकाला हाल करून मारतात. तिसऱ्याची पाळी येते तेव्हा तो आपणहून हात पुढे करतो आणि सांगतो की हे देवानं दिले, त्याच्याकडूनच परत मिळतील. त्याच संकटकाळातल्या दानीएलच्या पुस्तकात शेवटाकडे धुळीत निजलेले जागे होण्याची भाषा येते, काही सार्वकालिक जीवनासाठी, काही अप्रतिष्ठेसाठी.

म्हणजे पुनरुत्थान आणि न्याय या कल्पना जन्मल्या त्या पिचलेल्यांच्या बाजूनं. भीती घालण्यासाठी त्यांचा वापर पुढे पुष्कळ झाला, आणि पोटभर झाला. पण या जगातली न्यायालयं राजाच्या खिशात असताना ‘वरचं’ न्यायालय मागणारे लोक कोण होते हे विसरून चालत नाही. अमेरिकेतल्या गुलाम काळ्या माणसांच्या भक्तिगीतांत न्यायाचा दिवस इतक्या उल्हासानं येतो, त्याचं मूळ इथेच आहे.

येशूच्या काळी यहुद्यांमधला सदूकी पंथ पुनरुत्थान मानत नव्हता, परूशी मानत होते. ख्रिस्ती लोक या वादात परूशांच्या बाजूला राहिले आणि त्यांनी एक मोठी भर घातली: न्याय करायला येणारा तोच, ज्याला रोमन सुभेदाराच्या कोर्टात गुन्हेगार ठरवून मारलं होतं. मुख्य मतांगीकारांत, म्हणजे श्रद्धा जाहीर करणाऱ्या सूत्रांत, हे कलम आहे आणि आजही रविवारी कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अनेक प्रोटेस्टंट ते म्हणतात.

पण कधी? इथे खरी अडचण सुरू होते, आणि या पुस्तकाचा मोठा भाग तिनेच व्यापला आहे.

इ.स. ५० च्या सुमारास थेस्सलनीकाच्या छोट्या मंडळीला काळजी लागली. प्रभू आता येणार म्हणून हे वाट पाहत होते आणि त्याच्या येण्याआधीच काही जण वारले. ते मुकले का? पौल त्यांना लिहितो की तुम्ही दुःख करू नका, मेलेले आधी उठतील. म्हणजे मेलेले तोवर थांबलेले. उलट लूकच्या शुभवर्तमानात शेजारच्या क्रुसावरच्या चोराला येशू आजच सुखलोकात येशील असं सांगतो, आणि श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दाखल्यात मेल्याबरोबर एकाला यातना, दुसऱ्याला अब्राहामाची कूस. म्हणजे निकाल ताबडतोब लागलेला. दोन्ही वचनं शास्त्रातलीच, एकही खोडता येत नाही. मग चर्चनं दोन्ही ठेवली. मरणाक्षणी प्रत्येकाचा स्वतंत्र न्याय आणि जगाच्या अंती सर्वांचा एकत्र.

यातून एक विलक्षण प्रकरण घडलं. १३३१ साली सर्व संतांच्या सणाला आव्हिन्योंमध्ये बावीसावे पोप जॉन यांनी प्रवचनात सांगितलं की संतांचे आत्मे सुखात असले तरी देवाला समोरासमोर पाहत नाहीत, ते अंतिम न्यायानंतरच. पोप नव्वदीच्या घरात होते आणि वादाची हौस फिटलेली नव्हती. पॅरिसचे धर्मपंडित उसळले, फ्रान्सचा राजा उसळला. कारणही साधं होतं. संत अजून देवापुढे पोचलेच नसतील, तर आपल्यासाठी रदबदली कर म्हणून त्यांना केलेले नवस कुठे जातात? डिसेंबर १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी आपलं मत मागे घेतलं. पुढचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये उलट मत अधिकृत करून टाकलं: शुद्ध आत्मे ताबडतोब देवाला पाहतात, न्यायाच्या दिवसाची वाट न पाहता.

छान. पण मग त्या शेवटच्या दिवशी उरलं काय? निकाल लागून गेलेल्या खटल्याची पुन्हा सुनावणी कशाला? या प्रश्नाला तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यानं दिलेलं उत्तर मला या सगळ्या परंपरेतलं सगळ्यांत समंजस वाटतं, आणि ते चित्रांमध्ये कुठेच दिसत नाही म्हणून इथे थोडं थांबतो. तो म्हणतो, माणूस मेला तरी त्याचं आयुष्य पुरतं संपत नाही. तो लोकांच्या आठवणीत राहतो, आणि ती आठवण पुष्कळदा खोटी असते. तो मुलांत राहतो. त्याच्या कृत्यांचे परिणाम चालूच असतात. चौथ्या शतकातल्या आरियसनं पेरलेला पाखंडी विचार त्याच्या मरणानंतर शतकानुशतकं माणसं फिरवत राहिला, तसंच प्रेषितांचं शिकवणंही. मग पुरा न्याय करायचा तर परिणाम पुरे व्हायला नकोत? एखाद्यानं तलाठ्याला हाताशी धरून भावाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलं आणि सुखानं डोळे मिटले. नातवंडं अजून दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवताहेत, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. त्या माणसाचा हिशेब त्याच्या तेराव्याला बंद करता येईल का? अक्वायनसचं म्हणणं, नाही. म्हणून एक न्याय व्यक्तीचा आणि एक इतिहासाचा. दुसऱ्यात निकाल बदलत नाही, पण तो सर्वांसमक्ष येतो, आणि कोणाच्या कृत्यानं कोणाचं काय झालं हे उघडं पडतं.

या दोन न्यायांच्या मध्ये जी फट राहिली तिच्यात पर्गेटरी उभी राहिली, म्हणजे तारण झालेल्या पण पुरत्या शुद्ध न झालेल्या आत्म्यांची शुद्धी. मृतांसाठी प्रार्थना फार जुनी, पण ठराविक नावाची जागा म्हणून पर्गेटरी बाराव्या शतकाच्या अखेरीस ठळक झाली, असं फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफनं दाखवलं. पुढची गोष्ट शाळेच्या इतिहासातही असते: रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामासाठी पापमुक्तीपत्रांची विक्री, १५१७ मध्ये ल्यूथरचे ९५ मुद्दे, आणि पश्चिमेतल्या चर्चची फाळणी. प्रोटेस्टंटांनी पर्गेटरी काढूनच टाकली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्सांनी ती तशा अर्थानं कधी घेतलीच नव्हती, मात्र मृतांसाठी प्रार्थना ते मनापासून करतात.

या मतभेदाचा फरक महाराष्ट्रात आणि गोव्यातही दिसतो. २ नोव्हेंबरला वसईत, मुंबईत, गोव्यात कॅथलिक कुटुंबं दफनभूमीत जातात. कबरी झाडून-धुऊन फुलं, मेणबत्त्या, धर्मगुरूंकडून पवित्र पाण्याचा शिडकावा, आणि मृतांच्या नावानं मिस्सा. ते आत्म्यासाठी काहीतरी करत असतात. अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत अंत्यविधीची प्रार्थना साधारणपणे मागे राहिलेल्यांसाठी असते. मेलेला देवाच्या हाती गेला, आता त्याच्यासाठी मागायचं काही उरलं नाही. दोघेही स्वतःला ‘ख्रिस्ती’ म्हणतात आणि शेजारचा हिंदू माणूस दोघांनाही एकच समजतो. पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ चालवणारे सेवन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट आणखी वेगळे. त्यांच्या मते मेलेला मधल्या काळात निव्वळ निजलेला असतो. त्यांची मुळं विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्यात आहेत. दानीएलच्या आकड्यांवरून त्याच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या येण्याची तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४. तो दिवस तसाच मावळला. काही जण घरी गेले. काहींनी ठरवलं की तारीख बरोबर होती, फक्त त्या दिवशी स्वर्गात नोंदींची तपासणी सुरू झाली. तारखा काढणाऱ्यांचा इतिहास लांबलचक आहे आणि मी तो पुढे एका छोट्या प्रकरणात उरकला आहे, कारण त्याची पुनरावृत्ती कंटाळवाणी आहे.

चित्रांबद्दल मात्र हात आखडता घेतलेला नाही. मिकेलांजेलोनं १५३६ ते १५४१ या काळात सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर अंतिम न्याय रंगवला. काम चालू असताना बियाजिओ दा चेझेना या पोपच्या दरबारातल्या अधिकाऱ्यानं नाक मुरडलं, असली नागडी शरीरं गुत्त्यात शोभतील म्हणाला. मिकेलांजेलोनं त्याचाच चेहरा नरकाच्या न्यायाधीशाला दिला, गाढवाचे कान लावून. बियाजिओ तक्रार घेऊन तिसऱ्या पॉलकडे गेला तर पोप म्हणाले म्हणे, की तुला पर्गेटरीत टाकलं असतं तर काही खटपट केली असती, नरकात माझं काही चालत नाही. विनोद आहे, पण पोपच्या अधिकाराची हद्द त्यात अचूक सांगितली आहे.

विसाव्या शतकात ही भाषा मंदावली. अंत्यविधीच्या मिस्सेत शतकानुशतकं गायलं जाणारं ‘दिएस इरे’ हे क्रोधाच्या दिवसाचं लॅटिन गीत कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांत वगळलं गेलं. मोझार्ट आणि वेर्दीच्या संगीतामुळे ते मैफलीत उरलं. भीती कमी झाली हे चांगलंच, पण अत्याचार करणाऱ्याच्या कबरीपाशी आता तोंडभर सांत्वन ऐकू येतं, आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यासाठी त्या विधीत वाक्य सापडत नाही, ही माझी तक्रार आहे. उलट बाजूची परंपराही जुनी आहे. तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिगेननं अखेरीस सगळेच देवाकडे परततील असा विचार मांडला आणि सहाव्या शतकात तो निषिद्ध ठरला. सातव्या शतकातल्या निनवेच्या इसहाकानं म्हटलं की नरकातली यातना म्हणजे देवाचं प्रेमच, ज्याला आपण दगा दिला हे कळून चुकलेलं. स्विस धर्मपंडित हान्स उर्स फॉन बाल्थासार याची भूमिका सावध होती: सगळे तरतील असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण तशी आशा धरणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे.

आशेचा हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी राहत नाही. जुन्या गोव्यात ज्याचं शव आहे तो फ्रान्सिस झेव्हियर १५४९ ते १५५१ जपानमध्ये होता. तिथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून त्यानं युरोपातल्या जेझुइटांना लांबलचक पत्र पाठवलं. त्यात तो सांगतो की नव्यानं बाप्तिस्मा घेतलेले जपानी त्याला विचारत, आमचे मेलेले आईबाप, बायकामुलं नरकात असतील तर दानधर्मानं, प्रार्थनेनं त्यांना सोडवता येईल का? त्यांच्याकडचे बौद्ध भिक्षू मृतांसाठी काही करता येतं असं सांगत. झेव्हियरनं सांगितलं, उपाय नाही. ते रडत. एवढ्या जिव्हाळ्याचे मित्र उपाय नसलेल्या गोष्टीसाठी रडताना पाहून आपल्यालाही गलबलून येतं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. देव दयाळू असेल तर त्यानं आमच्या पूर्वजांना आधीच का कळवलं नाही, असंही ते विचारत. ज्यांच्या घरात पितृपंधरवड्याला पान वाढलं जातं किंवा दोन पिढ्यांमागे वाढलं जात होतं, त्यांना या रडण्याचं वेगळं स्पष्टीकरण नको.

झेव्हियर कठोर नव्हता. त्याच्या काळी रूढ उत्तर तेच होतं. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या तान्ह्या मुलांसाठीही लिंबो नावाची एक कडेची जागा होती, ना दुःख ना देवाचं दर्शन. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं २००७ मध्ये त्या मुलांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं मान्य केलं. त्याआधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान त्यांच्या दोषावाचून पोचलं नाही पण जे सद्सद्विवेकानं वागले त्यांनाही तारण मिळू शकतं, असं १९६४ मध्ये म्हटलं होतं. परिषदेनंतर आलेल्या मिस्साग्रंथातल्या चौथ्या मुख्य प्रार्थनेत धर्मगुरू ख्रिस्तात मरण पावलेल्यांची आठवण करतो आणि लगेच ज्यांची श्रद्धा एकट्या देवालाच ठाऊक होती अशा सर्व मृतांचीही. त्या जपानी नवख्रिस्त्यांच्या आईबापांना या वाक्यात जागा आहे. ती व्हायला चारशे वर्षं लागली, आणि या काळात कोण कोणाशी भांडलं ते दुसऱ्या प्रकरणापासून सांगितलं आहे. घाई असेल त्यानं पहिलं, दानीएलचं प्रकरण सोडून थेट तिथून वाचायला हरकत नाही.